बाजार बंद होईपर्यंत

सकाळी सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला खरा, पण टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं कंपनीच्याच पगारावरची होती, हे धाकटीला ठाऊक होतं. उरलेल्यांत वार्ताहर होते, त्यांचे डोळे चहाकडे लागलेले. आणि तिसऱ्या रांगेत गुंतवणूकवाल्यांची कोटातली मंडळी होती. थोरल्या काकांनी माइकवर किंमत सांगितली, तेव्हा त्या रांगेतल्या एकानं शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघंही हसले. ते हसू धाकटीच्या डोक्यातून घरी येईपर्यंत गेलं नव्हतं.

आता जेवणं उरकली होती, ताटं उचलली गेली होती आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध तेच यंत्र ठेवलेलं होतं. घरच्या टीव्हीला जोडायचा, घरातल्या माणसांनी वापरायचा संगणक. धाकटीनं त्याच्यापायी आठ वर्षं घालवली होती. सकाळच्या समारंभाची लाल फीत अजून त्याच्या अंगावर होती. काकांनी त्यावर आपलं चष्म्याचं घर ठेवलं होतं आणि त्यांच्या मुलानं, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी, शेजारी चहाचा कप.

नवं यंत्र ज्या दिवशी विक्रीला येईल, त्या दिवशी बाजार बंद होईपर्यंत सगळ्या घरानं या टेबलाशी बसायचं, ही आजोबांच्या वेळेपासूनची रीत. आजोबांनी बेरजेची यंत्रं दुरुस्त करता करता ती बनवायला घेतली, काकांनी त्यांचे कॅल्क्युलेटर केले आणि धाकटीनं संगणक. कंपनी शेअर बाजारात गेली त्या दिवशी आजोबांनी सगळ्यांना इथे बसवून एकच गोष्ट बजावली होती. शेअर विकायचा झाला तर आधी या टेबलावर बोलायचं, मग बाहेर. त्यानंतर आजतागायत टेबलावर कोणी काही बोललं नव्हतं. त्यामुळे कोणी काही विकलंही नसणार, असं सगळेच धरून चालले होते.

पॅसेजमधला फोन वाजला. काका उठले. दलालाच्या ऑफिसातला कारकून दर थोड्या वेळानं भाव कळवायचा आणि काका तो सबंध घराला ऐकू जाईल अशा आवाजात परत म्हणायचे. या वेळी आवाज जरा बसका होता.

"अजून खालीच," काका येऊन बसत म्हणाले.

"सकाळपासून किती झाले?" आत्यानं विचारलं.

"सात."

सगळ्यांनी यंत्राकडे पाहिलं, आणि मग कोणी आपल्याला पाहताना पाहिलं तर नाही ना, हे पाहिलं.

"मी आधीच म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांची निम्मी वाक्यं अशीच सुरू व्हायची. "किंमत चुकली. लोकांना काय वाटतं ठाऊक आहे का? माझ्याकडे पेशंट येतो. मी कवळीचे दोन भाव सांगतो. पेशंट स्वस्तातली घेतो, पण घरी जाऊन सांगतो की डॉक्टर काही खास नाही."

"म्हणजे महाग करायला हवं होतं?" धाकटी म्हणाली.

"दुप्पट. डोळे झाकून दुप्पट. समोरच्या कंपनीचं यंत्र आपल्या तिप्पट किमतीला आहे. लोकांच्या मनात येणारच की दोन हिस्से कुठे गेले?"

"त्यांचं यंत्र बिघडलं तर कारखान्यात पाठवावं लागतं, दादा. आपल्या मागच्या झाकणाला एक स्क्रू आहे. हातानं फिरवला की उघडतो. आतला कुठलाही भाग दुकानातून आणून घरच्या घरी बसवता येतो."

"तेच तर," वकीलसाहेब म्हणाले. वकीलसाहेब म्हणजे काकांचे जावई. शेअर त्यांच्या बायकोचे, पण ती परगावी नोकरीला असल्यानं सही यांची. सासऱ्यांच्या घरी ते नेहमी कोर्टात उभे असल्यासारखे बसायचे, म्हणजे पाठ ताठ आणि मत राखून. "तेच तर गुंतवणूकदाराला खुपतं. माणूस घरच्या घरी दुरुस्त करायला लागला, तर नवीन घेणार कधी? तुम्ही चांगलं यंत्र केलंत, याबद्दल वाद नाही. तक्रार आहे ती हीच."

"वा," आत्या म्हणाली. "आणि तुमचे अशील निर्दोष सुटले की तुम्हालाही तोटाच होत असेल."

वकीलसाहेब हसले. आत्याच्या बोलण्यावर हसायचं असतं, हे या घरात लग्न झाल्याबरोबर कळतं. काकू गेल्यापासून घर आत्याच चालवत होती. कंपनीचा दहावा हिस्सा तिच्या नावावर होता आणि वरचा मजलाही. धाकटीचे आईवडील लवकर गेले, तेव्हापासून धाकटीही तिच्याच नावावर असल्यासारखी होती. शाळेची फी, तापातल्या पट्ट्या, परदेशातल्या कॉलेजचा अर्ज, सगळं आत्यानं केलं. धाकटीनं लहानपणी घरातलं भिंतीवरचं घड्याळ उघडून त्याचे तुकडे केले, तेव्हा ते पुन्हा जोडून होईपर्यंत आत्या तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली होती. मात्र तिला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळतं असं तिनं कधी दाखवलंही नाही.

"रंगाचंही बघायला हवं होतं," काका म्हणाले. ते अध्यक्ष होते. यंत्राचा रंग त्यांनीच पसंत केला होता.

"रंगाचं काय?"

"करडा जरा उदास वाटतो स्टेजवर."

"क्लिनिकला एक फोन करून येतो," डॉक्टर खुर्ची मागे सारत म्हणाले. "एका पेशंटची दाढ काढायची होती. वाट बघत बसला असेल." जाता जाता त्यांनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. बाजार आहे. आज खाली, उद्या वर. आम्ही सगळे आहोत तुझ्या पाठीशी."

ते पॅसेजमध्ये गेले आणि दार लोटून घेतलं. दाढेसाठी दार लोटायची गरज काय, असं धाकटीच्या मनात आलंही, पण ते तेवढ्यावरच राहिलं. तिच्या मनात गिरणीवाला होता.

गिरणीवाला म्हणजे कागदाच्या गिरण्यांचा मालक. गेली दोन वर्षं तो त्यांच्या कंपनीचे शेअर गोळा करत होता. गेल्या वार्षिक सभेत सत्तरीचा तो माणूस उठून उभा राहिला आणि अगदी नम्रपणे त्यानं विचारलं होतं, ही कंपनी यंत्रं विकते की नातेवाईक सांभाळते? सभा हसली. काका हसले नाहीत. पूर्वी एक पंख्यांची कंपनी त्यानं अशीच घेतली होती आणि वर्षाच्या आत कारखाना मोडून जागा विकली होती. कुटुंबाकडे मिळून निम्म्याहून जेमतेम जास्त शेअर होते. तेवढ्या काठावर कंपनी उभी होती. तो काठ सुटला, तर पहिल्यांदा जाईल ते टेबलावर फीत बांधून बसलेलं हे यंत्र, यात धाकटीला शंका नव्हती. म्हणून भाव किती पडतो यापेक्षा घर किती घट्ट राहतं, याचीच तिला काळजी होती. आणि घर तर दुपारपासून तिला नुसतं धीर देत होतं.

डॉक्टर परत आले. थोड्या वेळानं फोन वाजला आणि काकांनी सांगितलं, आणखी दीड टक्का खाली.

मग वकीलसाहेबांना एका अशिलाची आठवण झाली. ते उठले तेव्हा म्हणाले, "तुमच्या हिमतीची मला खरोखर कमाल वाटते. इतक्या कमी किमतीला इतकं देणं. लोकांना कळायला वेळ लागेल एवढंच." ते दार लोटून गेले, बोलून आले, येऊन बसले आणि पाठ ताठ केली. फोन वाजला. आणखी दोन टक्के खाली.

मग काकांना कारखान्यात फोन करून दुसऱ्या पाळीची चौकशी करायची होती. "तुझ्या बापानं बघायला हवं होतं हे," ते जाताना म्हणाले आणि त्यांनी खरोखरच डोळे पुसले. दार लोटलं गेलं. फोन ठेवल्याचा आवाज आला. मग परत वाजला आणि काकांनी तो तिथूनच घेतला.

"दोन आणि वर थोडा," ते आतूनच म्हणाले. खाली की वर, हे विचारायची आता गरज राहिली नव्हती.

धाकटी हनुवटीवर हात ठेवून बसली होती. कारखान्यात यंत्र बंद पडलं की ती कधी आधी झाकण उघडायची नाही. आधी विचारायची, शेवटचा हात कोणाचा लागला? आणि त्या हाताआधी यंत्र चालत होतं का? कामगार तिला यावरून हसायचे, पण दहातले आठ बिघाड असेच सापडायचे. आता त्याच सवयीनं ती मागे मागे गेली. दादा उठला, भाव पडला. वकीलसाहेब उठले, भाव पडला. काका उठले, भाव पडला. जेवताना सगळे बसून होते तेव्हा फोन दोनदा वाजला होता आणि दोन्ही वेळा भाव जागच्या जागी होता. त्यांच्या कंपनीचे शेअर असे काही रोज टोपल्यांनी विकले जात नव्हते. तिथे एखाद्यानं जरा मोठा ढीग टाकला, तर तो लगेच दिसायचा.

मग, का कोण जाणे, तिला हसू आलं. ते तिनं दाबलं.

"मी एक सुचवते," ती म्हणाली. "बाजार बंद व्हायला आता तासभरच राहिलाय. तोपर्यंत कोणी टेबलावरून उठायचं नाही."

"म्हणजे?" डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे बसायचं. आजोबांच्या वेळी बसायचे तसं."

"बसलोच आहोत की."

"नुसतं बसायचं. फोन करायचा नाही. कारकुनाचा आला तर मी घेईन."

"आणि मला बाथरूमला जायचं असेल तर?"

"जा ना, दादा. बाथरूममध्ये फोन नाही."

डॉक्टरांनी चहाचा रिकामा कप उचलला, त्यात पाहिलं आणि परत ठेवला. वकीलसाहेबांनी घसा साफ केला. काकांनी चष्म्याचं घर उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आत्या मात्र धाकटीकडे एकटक बघत होती. पोरीच्या डोक्यात काहीतरी शिजतंय हे तिला घरात सगळ्यांच्या आधी कळायचं. आज तसं कळलेलं तिला फारसं आवडलेलं दिसत नव्हतं.

एवढा वेळ नुसतं बसायची या घराला सवय राहिली नव्हती. काकांनी कारखान्याच्या छपराचा विषय काढला. तो गळायला लागला होता. वकीलसाहेबांनी छपरावर मत राखून ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं, की त्यांच्या एका सहाध्यायानं दातांची यंत्रं विकायला सुरुवात केली आणि आता त्याच्याकडे दोन गाड्या आहेत. त्याची किंमत चांगली चढी आहे, हेही त्यांनी सांगितलं.

फोन वाजला. धाकटी गेली. दार तिनं उघडंच ठेवलं.

"एक टक्का वर," ती आल्यावर म्हणाली.

"कोटवाल्यांना कळलं असेल," काका म्हणाले. "मी भाषणात म्हणालोच होतो."

पुन्हा फोन. दोन टक्के वर. मग पुन्हा. आता काकांच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती. किमतीमागचं धोरण हळूहळू लोकांच्या लक्षात येतंय, असं ते म्हणाले. डॉक्टरांनी कबूल केलं, की कमी किंमत हीसुद्धा एक कल्पना आहे. वकीलसाहेब म्हणाले, ते पहिल्यापासून याच मताचे होते, फक्त मांडणी वेगळी होती.

"तुम्हाला कळतंय का काय चाललंय?" धाकटी म्हणाली.

"भाव चढतोय," डॉक्टर म्हणाले.

"कारण तुम्ही बसलाय."

काकांनी चष्म्याचं घर मिटून यंत्रावर ठेवलं.

"बाहेर कोणी घाबरलेलं नाही," ती म्हणाली. "सकाळपासून या यंत्राला घाबरलेत ते फक्त या खोलीतले लोक. एक जण उठतो, मला धीर देतो, बाहेर जाऊन विकून येतो. मग भाव पडतो. मग दुसरा तो पडलेला भाव बघून घाबरतो आणि मला धीर देऊन उठतो."

"हे बघ, असं बोलणं बरोबर नाही," काका म्हणाले.

"दादा, दाढ निघाली का?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. "थोडेच," ते म्हणाले. "अगदी थोडेच विकले. मला वाटलं, बाकीचे धरून आहेत, तर माझ्या थोड्यांनी काय होणार?"

"वकीलसाहेब?"

"मीही थोडेच."

"किती थोडे?"

"म्हणजे, थोडे या शब्दाचा सामान्यतः जो अर्थ घेतला जातो, त्याहून किंचित जास्त."

काकांकडे कोणी पाहिलं नाही. तेवढं भान सगळ्यांना होतं. काका स्वतःच म्हणाले, "अध्यक्षानं एवढी जोखीम एकट्यानं घ्यावी असं कुठे लिहिलंय?" आणि मग खालच्या आवाजात, "पण मीही थोडेच."

दलाल तिघांचाही एकच होता. आजोबांच्या वेळेपासूनचा विश्वासू माणूस. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा त्याचा मोठा गुण. त्या गुणामुळे तिघांनीही दुपारभर एकमेकांना फसवलं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, की इतरांना फसवणारे आपण एकटेच.

धाकटीला राग यायला हवा होता. पण ती मनातल्या मनात बेरीज करत होती. थोडे, अधिक किंचित जास्त, अधिक थोडेच. कुटुंब काठावर येत होतं, अगदी शेवटच्या बोटावर, पण अजून वरच होतं. आत्याचा दहावा हिस्सा शाबूत होता. तेवढ्यावर निभावलं असतं. तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि आत्याकडे पाहून हसली.

आत्या हसली नाही.

"माझे धरू नकोस," आत्या म्हणाली.

"काय?"

"बेरजेत. माझे धरू नकोस. मी सकाळीच विकले. तुम्ही सगळे सभागृहात निघालात तेव्हा."

"किती?" काकांनी विचारलं.

"सगळे."

डॉक्टरांच्या तोंडून एक आवाज निघाला. इतक्या वर्षांत आत्याच्या हातून चूक झालेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती, आणि तो आवाज दुःखाचा होता की सुटकेचा, हे सांगणं अवघड होतं. काका उठून उभे राहिले. "आणि मघाशी मला विचारत होतीस, किती झाले म्हणून! आम्ही थोडे थोडे विकले तर आम्ही चोर. आणि हिनं आख्खा हिस्सा विकला!"

"बस खाली, थोरल्या," आत्या म्हणाली. "ओरडायचा हक्क तुला दुपारपर्यंत होता."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "का?" तिनं विचारलं. एवढंच तिला विचारता आलं.

आत्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मला तुझ्या यंत्रातलं काही कळत नाही. पण तुझा चेहरा कळतो. महिनाभर तू झोपली नाहीस. किंमत ठरली त्या दिवशी हे तिघं एकमेकांकडे कसे बघत होते, ते मी पाहिलं. मला वाटलं, हे चालायचं नाही. तू पडशील, आणि जोरात पडशील. त्या वेळी तुला धरायला या घरात कोणाकडे काही उरणार नाही. म्हणून म्हटलं, आपलं विकून पैसे बाजूला ठेवू. तुझ्याच नावानं ठेवलेत. मला काय करायचंय त्यांचं?"

"तुला वाटलं, मी हरेन."

"मला वाटलं, तुला लागेल."

खरं म्हणजे धाकटीला तेव्हा तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिच्यापासून उठून लांब जावंसंही वाटलं. या दोन्हींतलं एकही तिनं केलं नाही. तिला एवढंच कळत होतं, की बाकीच्या तिघांनी विकले ते तिच्यावर विश्वास नव्हता म्हणून, आणि आत्यानं विकले तेही त्याचसाठी. आत्याच्या अविश्वासात माया होती. पण बाजाराला माया वेगळी मोजता येत नाही, आणि कुटुंब आता निम्म्याच्या बरंच खाली होतं.

बाजार बंद झाल्यावर कारकुनाचा शेवटचा फोन आला. भाव सकाळी होता त्याच्याही थोडा वर जाऊन थांबला होता. "एक सांगतो, ताई," कारकून म्हणाला, "तुमच्या शेअरला आज एकच गिऱ्हाईक होतं. आलं ते सगळं त्यानं उचललं. नाव सांगता येणार नाही."

नाव सांगायची गरज नव्हती. ती आत येऊन खुर्चीत बसेपर्यंत फोन पुन्हा वाजला. काका अध्यक्ष या नात्यानं गेले आणि लगेच परत आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"गिरणीवाला," ते म्हणाले. "तुझ्याशीच बोलायचं म्हणतो."

धाकटी गेली. टेबलाशी बसलेली चारही माणसं श्वास रोखून ऐकत होती आणि त्यांना फक्त तिचीच बाजू ऐकू येत होती. ती दाराकडे पाठ करून उभी राहिली.

"ते यंत्र बनवणाऱ्या आपणच का?" पलीकडचा आवाज अगदी सावकाश होता.

"हो. मीच."

"मी सकाळी सभागृहात शेवटच्या रांगेत होतो. येताना बाहेरच्या टेबलावरून एक विकत घेतलं. घरी नातीला दिलं. जोडून द्यायला माणूस बोलवावा लागेल म्हटलं, तर पोरीनं माझ्यादेखत जोडलं. मग मागचं झाकण उघडून आतलं सगळं बघून परत लावलं. जेवायला उठेना." तो जरा थांबला. "खोटं कशाला बोलू, बाई, मी दोन वर्षं तुमचे शेअर घेत होतो ते कारखान्याच्या जागेसाठी. आज दुपारी घेतले ते यंत्रासाठी. एवढं कसं काय विकायला येतंय, याचंच आश्चर्य वाटत होतं. तुमच्या घरच्यांनी ते लावून बघितलं नाही का?"

धाकटीनं मान वळवून टेबलाकडे पाहिलं.

"आता संचालक मंडळ बदलेल," तो म्हणाला. "काकांना आम्ही मानाने निरोप देऊ. बाकीच्यांचा प्रश्न नाही. आपण मात्र राहायचं. यंत्र आपल्या हाताखाली राहील."

"किंमत?"

"तीच."

"आणि मागचा स्क्रू?"

"तो काढला तर नात मला घरात घेणार नाही."

तिनं डोळे मिटले. आठ वर्षं तिला हेच कोणीतरी म्हणायला हवं होतं. ते घरातलं कोणीतरी म्हणेल असं ती धरून चालली होती. "राहीन," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आत येऊन तिनं जसं होतं तसं सांगितलं. कंपनी गेली. यंत्र राहिलं. किंमत तीच राहिली. तीही राहिली. काका खुर्चीत टेकून बसले आणि पहिल्यांदाच त्यांच्या वयाचे दिसले. धाकटीला त्यांचं वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण वाईट वाटायला तिला फार वेळ मिळाला नाही.

"म्हणजे उद्या भाव चढणार," वकीलसाहेब म्हणाले.

"चढणारच," डॉक्टर सरसावून बसले. "नवा मालक, तगडा माणूस. माझ्याकडे अजून बरेच उरलेत. मी म्हणालो होतो ना, थोडेच विकले म्हणून?"

धाकटीनं टेबलाभोवती एकदा नजर फिरवली. आज तिचं यंत्र वाचलं होतं. इतकी मोठी आनंदाची बातमी तिच्या आयुष्यात दुसरी नव्हती, आणि ती ज्यांना सांगायची त्या सगळ्यांचं त्याच बातमीत काही ना काही गेलं होतं.

आत्यानं काकांचं चष्म्याचं घर यंत्रावरून उचलून बाजूला ठेवलं. मग तिनं फितीची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, त्यामुळे तिला जरा वेळ लागला.

"मला दाखव," ती म्हणाली. "काय काय करतं ते. मला कळेल असं नाही. पण दाखव."

"दुकानात मिळतं, आत्या," धाकटी म्हणाली. "फार महाग नाही."

बोलून गेल्यावर तिला ते आपल्याच तोंडून निघालं यावर विश्वास बसेना. आत्यानं मान हलवली, हे आपल्याला ऐकून घ्यावंच लागणार होतं अशी, आणि फीत बोटाभोवती गुंडाळत राहिली. धाकटी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. इतकी जवळ, की दोघींचे खांदे एकमेकींना लागले. पण यंत्राकडे तिनं हात नेला नाही. आत्यानंही पुन्हा सांगितलं नाही.